आईचा परळ

मानमोडीच्या तापानं निपाणीत रोज माणसं मरू लागली, मजूर उरले नाहीत आणि घरासमोरची तंबाखूची वखार बंद पडली. सारा गाव खोकत होता. माझ्या आईचा चार वर्षांचा खोकला मात्र वखार बंद पडल्यावर आठव्या दिवशी थांबला. "तंबाखूचा धुरळा घशात बसतोय रं," ती पहिल्यापासून सांगत होती. पण त्याच वखारीत मी तंबाखू कुटत होतो, घर त्यावरच चालत होतं. तिला क्षयच झालाय असं मीच ठरवलं, घरामागच्या परड्यात झोपवलं, मातीच्या परळात वेगळं वाढलं आणि नातीला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. आज तिला चुलीपाशी बसवून माझ्याच ताटात भाकरी वाढली आणि परळ फोडायला उचलला. नातीच्या केसांतून हात फिरवत आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे भावकू. सोमवारी वखार उघडतीया न्हवं? खोकला परत यील, तुलाबी कामावर जावंच लागंल. मग तुला परत क्षयच वाटंल." मी परळ परड्यात नेऊन ठेवला.