आजीचं रडणं

फणी केसांच्या गाठीत अडकली आणि चार वर्षांची डिंपल किंचाळली.

"कोणं केलं?" ईश्वरदासने बाजेवरूनच विचारलं.

डिंपलने आजीकडे बोट दाखवलं. ईश्वरदास उठला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने बायकोच्या पाठीवर दोनदा हलकेच झटकला. "माझ्या नातनीले रडवते? घे. आनखी घे."

"मेली वो माय, मेली." मनकर्णाबाई ओसरीवर आडवी झाली. तिने पदर डोळ्यांना लावला, पाय झाडले आणि शेवटी एक लांब हुंदका काढला. तो हुंदका तिला फार छान जमायचा. एकदा तर शेजारची रुख्मा तो ऐकून पाणी घेऊन धावत आली होती.

डिंपल टाळ्या पिटत हसली. गालावर अजून पाणी होतं, पण केस ओढल्याचं ती विसरून गेली होती.

दारात अंगणवाडीच्या अलकाबाई उभ्या होत्या.

"ये बाई, ये," मनकर्णाबाई पडल्या पडल्याच म्हणाली. "जित्ती आहो मी. चहा मांडू का?"

"चहा राहू द्या, काकू. डिंपलचंच सांगाले आली." अलकाबाई ओसरीच्या काठावर बसल्या. "आज हिनं संघदीपच्या डोक्यात ताट हाणलं. टेंगूळ आलं त्याले. अर्धा घंटा रडला पोरगा."

"लेकरं भांडतेतच," ईश्वरदास म्हणाला.

"भांडतेत. पण मारलं का मंग घाबरतेत, स्वतःच रडाले लागतेत. ही खिचडी खात बसली. त्याच्या तोंडाकडे पाहत पाहत खाल्ली, अन् वरून आनखी मागितली."

"धीट आहे." ईश्वरदास हसला. "आमच्या घरची पोरगी."

"धीट नाही जी, काकाजी. मले भेव वाटलं. उद्या गोटा मारन, कोणाचा डोळा फुटन, अन् ही अशीच जेवत बसन."

ईश्वरदासचं हसू थांबलं. मनकर्णाबाई उठून बसली आणि तिने डिंपलला मांडीवर ओढलं.

"काऊन वो बाई? संघदीप रडून राहिला होता, तं तुले काहीच नाही वाटलं?"

"त्याले रडताच येत नाही," डिंपल म्हणाली. "पाय नाही झाडत. नुसता शेंबूड काढते. तू मस्त रडतेस."

 अलकाबाईंनी ईश्वरदासच्या हातातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. त्याने तो खांद्यावर टाकला, मग खांद्यावरून काढला, मग गुंडाळून बाजेखाली सरकवला.

"मले वाटे, पोरगी खुश राहते," तो म्हणाला. "चार वरसात हिच्या डोळ्यात पाणी टिकू देलं नाही."

"टिकू द्या जरासं. अन् काकू, तुमाले दुखलं तं दुखलं म्हणा. नाही दुखलं तं रडू नका."

"एवढंच?"

"एवढंच. पाहा जमते का."

"माहा तं धंदाच बसला बाई," मनकर्णाबाई म्हणाली.

मोठ्यांच्या बोलण्याला डिंपल कंटाळली होती. "आजी, रड."

"आता नाही."

"रड ना."

"नाही म्हटलं ना."

डिंपलने तिच्या दंडाला चिमटा घेतला आणि पिळला. नखं वाढली होती. मनकर्णाबाईने दात आवळून श्वास घेतला. पण ती आडवी झाली नाही. पदरही उचलला नाही.

"लागलं मले," ती हळू आवाजात म्हणाली.

डिंपलने टाळीसाठी दोन्ही हात वर धरले होते. ती आजीच्या तोंडाकडे पाहत थांबली. तोंडावर काहीच होत नव्हतं. मग तिने दंडाकडे पाहिलं. तिथे नखांचे दोन ओरखडे उठले होते. एका ओरखड्यात रक्ताचा बारीक थेंब होता.

"खरंच?"

"खरंच."

डिंपलने त्या ओरखड्यावर बोट टेकवलं. आजीचा हात आपोआप मागे गेला. डिंपलनेही बोट झटकन मागे घेतलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती असं भोकाड पसरून रडायला लागली की अंगणात रवंथ करत बसलेली शेळी उठून उभी राहिली.

ईश्वरदास ताडकन उठला. सवयीने त्याचा हात वर गेला. त्याने फणीकडे पाहिलं. उंबरठ्याकडे पाहिलं. शेळीकडे पाहिलं.

मनकर्णाबाईने दुखऱ्याच हाताने नातीला छातीशी धरलं होतं. नवऱ्याचा तो वर राहिलेला हात पाहून तिला हसू आवरेना.

"आता कोणाले मारता जी?"