जात्याचा खुंटा

एकाहत्तर साली मी जत्रेसाठी चंद्रावर जायचा खेळ बनवला. दांडा हलवायचा आणि तारेवरचं पत्र्याचं यान चंद्रावर उतरवायचं. दांडा मात्र मनासारखा मिळेना. छत्रीची मूठ निसटायची, भंगारातला लॉरीच्या गिअरचा दांडा अडायचा.

शिंगणापुरात गोजरबाईंनी मला मुक्कामाला ठेवलं. घराला दार नव्हतं. निघताना मी त्यांच्या जात्याचा खुंटा पिशवीत टाकला. मुठीत तो इतका छान बसला, की लाज वाटायची राहूनच गेली.

ती लाज कर्जतच्या जत्रेत वाटली. दांडा म्हणून बसवलेला तो खुंटा जो धरी, त्याचा हात गोल गोल फिरू लागे. यान चंद्राभोवती घिरट्या घाली. संध्याकाळी खेळाच्या खोक्याखाली पीठ सांडलेलं असे. मी ते गुपचूप पुसून टाकी.

तिसऱ्या दिवशी गोजरबाईच समोर उभ्या. माझी मान वर होईना.

"आजी, चुकलो. घेऊन जा तुमचा खुंटा."

"ऱ्हाऊ दे. जातं फिरतंय की घरी, खुंट्याबिगर. फकस्त हात दिसत न्हाई कुनाचा."

त्यांनी माझी मूठ उघडली. बसवल्यापासून मी त्या खुंट्याला शिवलोही नव्हतो. तळव्यावर ताजे फोड होते.

"लई दळतोस रं बाबा," त्या म्हणाल्या.