दादाची खिडकी

लहानपणी बसमध्ये खिडकी दादाचीच. धाकट्याने रडून आकाशपाताळ एक केलं तरी तो ढिम्म हलायचा नाही. “तुला विमानात देईन,” म्हणायचा. आज विमानात खिडकी धाकट्याला मिळाली होती आणि दादा पायांखाली, सामानाच्या कप्प्यात, शवपेटीत होता. आईला सांगायला कुणाचीच जीभ रेटली नव्हती. धाकटा दादाला घेऊन येतोय, एवढंच तिला ठाऊक. बाहेर ताऱ्यांचा खच पडला होता. धाकट्याने दादाचाच मोबाईल काचेला टेकवला, आतला उजेड काचेत उमटू नये म्हणून डोक्यावरून ब्लँकेट ओढलं आणि फोटो काढत राहिला. हुंदक्यांनी हात हलून सगळे पुसट आले. एकातच सात-आठ तारे सापडले. विमान उतरलं, मोबाईलला रेंज आली आणि आईचा मेसेज वाजला: “दादा, बोलल्याप्रमाणे खिडकी दिलीस ना रे धाकट्याला?” त्याने ताऱ्यांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, “दिली.”