ठमाबाईचं केळं

शिट्टी वाजली की गजांना पोट टेकवून उभं राहायचं, मग केळं मिळायचं. तपासणी सोपी व्हावी म्हणून प्राणिसंग्रहालयातल्या आमच्या अस्वलिणीला, ठमाबाईला, हे मीच शिकवलं होतं. गेला महिनाभर ती शिट्टीची वाटही बघत नव्हती. मला पाहिलं की यायची आणि उजवी कूस गजांवर दाबून उभी राहायची. "पोट आहे की पोतं, लबाडे?" म्हणत मी केळं पुढे करायचो. ते तिथेच पडून राहायचं. वाटलं, लाडावलीय, आता नखरे करतेय. आज शवविच्छेदन झाल्यावर डॉक्टरबाईंनी स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली. त्यात ठमाबाईच्या पित्ताशयातले सत्तावीस खडे होते. "मनाला लावून घेऊ नका, काका," त्या म्हणाल्या. "जनावरं दुखणं लपवतात." माझी नजर वाटीवरून हटेना. "हिने नाही लपवलं," मी म्हणालो. "रोज दाखवायला यायची. मी केळ्यावर बोळवण करायचो."