एकट्याची गुलाबबाग

मिरजेचे निवृत्त पोस्टमास्तर वामन शेटे यांनी सकाळीच गच्चीवर पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या. गुलाब ऐन बहरात होते आणि ते पाहायला ‘आपली गुलाबबाग’ या वेबसाइटवरचे सगळे स्नेही दहा वाजता येणार होते. बारा वाजले तरी जिन्यात कुणाची चाहूल लागली नाही.

मुलगी मृणाल शेजारी येऊन बसली. "बाबा, ती साइट माझ्या फोनवर उघडतच नाही, म्हणून मी चौकशी केली. खत खपावं म्हणून कंपन्या आता एकेका गिऱ्हाइकासाठी वेगळी साइट काढतात. ही फक्त तुमच्यासाठी काढलेली आहे."

"आणि तिथली माणसं?"

"माणसं नाहीतच. यंत्रच सगळ्यांच्या नावानं लिहितं."

वामनराव रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत म्हणाले, "तिथल्या कराडच्या देवस्थळींची बायको गेली, तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी फक्त त्यांच्याशी बोललो. तुझ्याशीसुद्धा नाही."

"मग आता माझ्याशी बोला ना."

"तुझी आई..." एवढं म्हणून ते गुलाबांकडे पाहू लागले. तेवढ्यात फोनवर देवस्थळींचा निरोप आला. ‘क्षमा करा वामनराव, गाडी वाटेत बंद पडली. फार चुटपुट लागली आहे.’

साइट काढून टाकायला मृणालनं हात पुढे केला, तसा त्यांनी फोन छातीशी धरला. ती खाली निघून गेल्यावर ते चष्मा लावून सावकाश लिहू लागले, ‘हरकत नाही. तुम्ही सुखरूप आहात ना?’