एकोणीस नंबरचा इतिहास

"काका, वाचून झालं असेल तर खाली सही करा," मॅडम म्हणाल्या. "त्या इंजिन-शेडमधले आता तुम्ही एकटेच उरलात."

म्हाताऱ्या मिस्त्रीने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. वाचून केव्हाच झालं होतं. बाहेर संग्रहालयाच्या अंगणात एकोणीस नंबरचं इंजिन नवा काळा रंग लावून उभं होतं आणि त्याचा इतिहास उद्या दगडावर कोरायला जायचा होता. किती वर्षं खाणीतला कोळसा ओढला, एका दमात किती डबे खेचायचं, सगळं अगदी बरोबर होतं. अडलं होतं ते शेवटच्या ओळीशी. 'फायरमनने बॉयलरमधील पाण्याकडे दुर्लक्ष केल्याने नळी फुटली व ड्रायव्हर आणि फायरमन दोघांचाही मृत्यू झाला.'

त्या फायरमनची बायको समोरच्या बाकावर बसली होती. या आठवड्यातली तिची तिसरी खेप. पंचाहत्तरीच्या बाईने दोन बस बदलून यायचं म्हणजे गंमत नव्हे.

"चूक त्यांची होती, मी कुठं नाही म्हणते?" ती म्हणाली. "पण तेवढी एक ओळ गाळा हो. माझा मुलगा बापाचं नाव लावत नाही, ते झालंच. पण आता नातीच्या शाळेची सहल येणार आहे इथे. ती जोडाक्षरं वाचायला लागलीय."

"आजी, चौकशीचा अहवाल आहे. मी मनाने कसं बदलू?"

"मिस्त्रीभावजी, तुम्ही तरी सांगा ना. तुमचं ऐकतील त्या."

मिस्त्री शेहेचाळीस वर्षं मूग गिळून बसला होता. लोक त्याला देवमाणूस म्हणत, आणि तोही म्हणवून घेत होता. आता मात्र त्याला स्वतःची इतकी किळस आली की हातातलं पेन धरवेना. त्याने ते टेबलावर ठेवलं.

"वहिनी, चूक त्याची नव्हती."

"राहू द्या. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नका."

"हे ते इंजिनच नाही."

मॅडम हसल्या. "काका, नंबर बघा की! एवढा मोठा पितळी आहे."

"नंबर मीच बसवलाय. चार नट. पाच मिनिटांचं काम." मिस्त्री टेबलाकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी फेरीला गेलं होतं ते बावीस नंबर. त्याच्या नळ्या सडल्या होत्या. मीच हातोडी मारून बघितल्या आणि मीच नापास केलं. हे एकोणीस नंबर पास होतं, पण याची चाकं काढून ठेवलेली. आणि खाणीवर तर कोळसा साचलेला. फोरमन म्हणाला, एका फेरीचा तर प्रश्न आहे, याची पाटी काढ आणि त्याला लाव. मी लावली."

मिस्त्रीला थांबता येईना.

"त्याच फेरीत नळी फुटली. लगेच पाट्या पुन्हा जिथल्या तिथे. चौकशीला आले त्यांनी इंजिन बघितलंच नाही, नुसते कागद चाळले. कागदावर एकोणीस नंबर पास. बॉयलर चांगला, मग चूक कुणाची? मेलेल्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, वहिनी. बोललो असतो तर आधी मी आत गेलो असतो."

"आणि ते बावीस नंबर?" मॅडमनी विचारलं.

"भंगारात. वितळवलंसुद्धा."

"याचा काही कागद आहे का, काका?"

"कागद ठेवायचा असता तर पाटी कशाला बदलली असती?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मिस्त्री म्हणतो ते खरं असणार हे त्यांना कळत होतं आणि त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं. "कागदाशिवाय हे मला लिहिता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ही ओळसुद्धा नको मग. काढून टाकते."

त्यांनी पेन उचललं आणि ओळीवर सरळ रेघ मारली. तीन खेपा घालून जे होत नव्हतं ते एका रेघेत झालं. बैल गेला आणि झोपा केला!

म्हातारीने कागदाकडे पाहिलंही नाही. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता ही शिव्या घालील, चप्पल काढील, याची तो वाट बघत होता. तिने तसं केलं असतं तर त्याला फार बरं वाटलं असतं.

"वहिनी, काहीतरी बोला. दोन थोबाडीत मारा, पण बोला."

"दोन दिवस जिवंत होते ते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "वाफेने सगळं अंग सोललेलं. हात कुठे लावावा कळेना. बाहेर ड्रायव्हरची बायको ऊर बडवून आम्हाला शाप देत होती. आणि हे आपले एकच सांगत होते. पाणी होतं गं. मी बघितलं होतं. भरपूर पाणी होतं."

"वहिनी..."

"मी म्हणाले, मरताना तरी खोटं बोलू नका."