एकेचाळीस नंबरचे आभार

"हात नका लावू, नुसतं बघा," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

मसालेवाल्या ताईंनी लवंगांची पिशवी टेबलावर ठेवली आणि काचेच्या बशीत डोकावून पाहिलं. बशीभर जंतूंचा पांढुरका थर पसरला होता. मधोमध मात्र बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ.

"तिथे तुमच्या लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला होता. आठ औषधांना दाद न देणारे जंतू आहेत हे. त्या वर्तुळात एकही उरला नाही."

"म्हणजे औषध सापडलं?"

"छे हो. बशीत मेले म्हणजे माणसाच्या अंगात मरतील असं नाही. अजून पुष्कळ वर्षं जातील. पण सुरुवात तर झाली."

ताई हसल्या. दोन वर्षं त्या दर सोमवारी लवंग-दालचिनी स्वतः निवडून आणत होत्या. "नोकरांवर सोडलं की कचरा येतो," एवढंच म्हणायच्या.

मॅडमनी आपल्या चारही सहकाऱ्यांना बोलावलं. ताई निघाल्या होत्या, त्यांनाही थांबवून घेतलं.

"तुम्हा सगळ्यांचे आभार मानायचेत. आणि आणखी एकीचे. जिच्या जखमेतून हे जंतू आले, तिचे. नाव आपल्याकडे नाही, नुसता नंबर. एकेचाळीस."

त्यांनी जुना कागद उघडला.

"बाई, वय अडतीस. डाव्या पिंढरीची जखम. आठही औषधं निरुपयोगी. पाच वर्षं झाली, पुढे नोंदच नाही. काय झालं असेल ते सांगायला नको." त्यांनी कागद मिटला. "तिचं जाणं फुकट गेलं नाही, हे तिच्या घरच्यांना कळायला हवं होतं. मिनिटभर उभे राहू या."

सगळे उभे राहिले. ताईंनीही मान खाली घातली. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मिनिट संपलं. मॅडमनी डोळे पुसले आणि पाहतात तर ताईंच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"अहो, तुम्ही कशाला रडताय?"

"इतक्या मायेनं कोण कुणाची आठवण काढतं, मॅडम?" ताई जरा घुटमळल्या. "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोला की."

"सगळे उभे होते, मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून गप्प राहिले. पुढची नोंद तुमच्याकडे नसणारच. मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात हलवलं होतं."